सांभाळायला दिलेलं

महाद्वार रोडला माझं दुकान, दोन फूट बाय चार.
काचेत मेलेली घड्याळं, त्यांना नावाच्या चिठ्ठ्या,
कोपऱ्यात रेडिओ,
आणि डोळ्याला भिंग लावून मी, निजाम मुजावर.
जपान मला ठाऊक होतं ते गोव्याहून येणाऱ्या मनगटांपुरतं.
पाठ उघडली की आत बारीक अक्षरं,
मुंगीनं पाय पुसल्यासारखी.
त्या मुलखातल्या माणसाचा हात हलत नसावा,
एवढंच कळायचं.

अठ्ठ्याण्णवच्या संक्रांतीला संमती चौगुले आली,
चौथीतली, एक वेणी सुटलेली.
मुठीत निळं प्लास्टिकचं अंडं, तीन बटणं, तिकिटाएवढा पडदा.
"चाचा, हे जिवंत आहे. मामानं मस्कतहून आणलंय.
शाळेत बाई काढून घेतात. साडेपाचपर्यंत सांभाळा."
मी म्हटलं, खातंय काय?
"पहिलं बटण," म्हणाली आणि पळाली.

पडद्यावर चार ठिपके, त्यातले दोन डोळे.
भूक लागली की किंचाळायचं, घाण केली की किंचाळायचं,
आणि कधी कधी नुसतंच, काही नको असताना.
मोतीबागेतला एक पैलवान पट्टा बदलायला आलेला.
"मुजावर, दुकानात उंदीर झालाय."
मग त्यानंही भिंग लावून बघितलं
आणि जाताना हळूच विचारलं,
"जेवलं का हे?"

एक दिवस म्हणजे त्याचं एक वर्ष.
तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली,
वेळ इतकी भुकेली असते हे कुणी सांगितलं नव्हतं.
जोहरच्या नमाजाला जाताना खिशात घेऊन जायचो,
आवाज दाबायची युक्ती पोरीनं शिकवलेली.
बायको म्हणाली, आपली चार वाढली
तेव्हा तुम्हाला कधी ऐकू आली नाहीत.
खरं होतं. मी ताटाकडं बघत राहिलो.

आठ दिवसांत सात अंडी झाली.
गुलाबी, पिवळी, एकाची साखळी तुटलेली,
सगळ्यांना चिठ्ठ्या लावल्या.
मेलेल्यांच्या रांगेखाली जिवंतांची रांग.
दुपारी सातही एकदम ओरडली की वाटायचं,
ह्या घडीला कुठकुठल्या गावांत,
कुठल्या दप्तरांत, कुठल्या उशीखाली
हेच ओरडत असेल,
आणि कोण कोण हातातलं काम टाकून धावत असेल.

किरणोत्सवाचा तिसरा दिवस.
मावळतीचं ऊन माझ्या दुकानावरून सरकत देवळात जातं
आणि अख्खा रस्ता घड्याळ बघत उभा राहतो.
"मुजावर, टाइम लावून द्या." चाळीस मनगटं पुढं.
गर्दीत संमती कुठं तरी अडकलेली.
ऊन आत पोचलं. घंटा, आरोळी, रेडिओवर बातम्या.
त्यात एक किंचाळी मला ऐकू आली नाही.

दिवेलागणीला बघितलं तर
पंख फुटलेलं काहीतरी, आणि शेजारी एक चांदणी.

पाठीला टाचणीएवढं भोक असतं.
दाबलं की सगळं पहिल्यापासून.
ज्यानं हे बनवलं त्यानं आत मरण ठेवलं
आणि मागच्या बाजूला हे भोकही ठेवलं.
त्या माणसाला पोरं असतील का?
टाचणी माझ्या हातात. हात हलत नव्हता.

मी दाबलं.

ती आली. पडदा बघितला. छान उड्या मारत होतं.
मग तिनं बटण दाबून वय बघितलं.
शून्य.
काल अठरा होतं.

मी एका घड्याळाचं झाकण उगाच उघडलं, उगाच लावलं.
तिनं दप्तरातला गुळाचा खडा काढला,
अर्धा चावून मोडला, अर्धा काचेवर ठेवला माझ्यासाठी.
"सकाळी आणते," म्हणाली.
"हे अजून लहान आहे, चाचा.
तुमच्या कानाजवळ ठेवत जा."

तेव्हापासून दुकानातला रेडिओ बंद असतो.
लोक विचारतात, एवढी घड्याळं दुरुस्त करता,
हा का नाही करत?